न्यूट्रलमध्ये सोडलेली गाडी आणि एक डिफरन्शियल इक्वेशन: प्रकल्प नोंदी

काय चाललंय ते आधी सांगतो, म्हणजे ज्यांना हेच करायचंय त्यांचा वेळ वाचेल. गाडी सरळ रस्त्यावर ताशी ६५ किमीच्या आसपास न्यायची, न्यूट्रल करायची, ब्रेकला पाय न लावता तिला आपोआप मंदावू द्यायचं आणि स्पीड नोंदवत जायचं. याला कोस्टडाउन टेस्ट म्हणतात. गाड्यांच्या कंपन्या हेच करतात, त्यातून निघालेले आकडे चेसिस डायनोला (गाडी जागेवरच रोलरवर चालवायचं मशीन) देतात आणि मग त्यावर मायलेज, एमिशनच्या टेस्ट होतात. त्यांना त्यासाठी ट्रॅक असतात, पिथमपूरच्या नॅट्रॅक्स या वाहन चाचणी केंद्राचा हायस्पीड ट्रॅक तर ११.३ किमीचा आहे. आमच्या वाट्याला पुण्याबाहेरच्या एका एमआयडीसीतला अजून प्लॉट न भरलेला रस्ता, साधारण सव्वा किमी सरळ, रविवारी सकाळी रिकामा.

गाडी माझी जुनी उंच हॅचबॅक, पेट्रोल, मॅन्युअल. सोबत भाची, इंजिनिअरिंगच्या सेकंड इयरला आहे, एम-टूमध्ये (गणिताचा दुसरा पेपर) डिफरन्शियल इक्वेशन शिकून पास होऊन विसरून झालेलं. मिनी प्रोजेक्ट तिचा, पेट्रोल माझं.

५ जानेवारी २०२५, रविवार

आज नुसता अंदाज घेतला. मी चालवत होतो, ती स्पीडोमीटर बघून स्पीड ताशी ५ किमीने उतरला की मोबाइलच्या स्टॉपवॉचवर लॅप मारत होती. ६० ते २० यायला एकदा ४४ सेकंद, एकदा ४६. मला वाटलं होतं यापेक्षा जास्त लागतील, पण आकडा हाताशी नव्हता म्हणून सोडून दिलं.

एक गोष्ट पहिल्याच दिवशी ठरवून टाकली, इंजिन बंद करायचं नाही. काही जण व्हिडिओत चावी फिरवून बंद करताना दिसतात. इंजिन बंद झालं की ब्रेकच्या बूस्टरला व्हॅक्यूम मिळायचा थांबतो, एकदोनदा दाबल्यावर पेडल दगड होतं, आणि चावी पूर्ण मागे गेली तर स्टिअरिंग लॉक. इंजिन चालू, गिअर न्यूट्रल, क्लच सोडलेला, पार्किंग लाइट चारही चालू. रस्त्यावर दुसरं कोणी दिसलं की रन रद्द.

६ जानेवारी, सोमवार, रात्री

कागदावरचं काम. भाचीने आधी फक्त हवेचा रेझिस्टन्स धरला, म्हणजे मंदन (स्पीड उतरण्याचा दर) व्ही² च्या, स्पीडच्या वर्गाच्या, प्रमाणात. सोडवायला सोपं आहे, पण उत्तर बघितलं तर गाडी कधीच थांबत नाही आणि अंतरही वाढतच जातं, लॉग येतो ना त्यात. मग तिने मंदन व्ही च्या प्रमाणात धरलं, ई चा ऋण घात आला, अंतराला मर्यादा आली पण थांबायला तरी अनंत वेळ. मी म्हटलं अगं गाडी थांबते की, आपण काल बघितली. "मामा मग टायरचा वेगळा टाकूया, स्पीड कितीही असो तेवढाच." तिथे जमलं:

डीव्ही/डीटी = −(अ + क × व्ही²)

अ म्हणजे टायर, बेअरिंग, जे काय घासतंय ते सगळं. क म्हणजे हवा. व्हेरिएबल सेपरेट करून सोडवलं की हे येतं:

व्ही = √(अ/क) × टॅन[ आर्कटॅन(व्ही० × √(क/अ)) − √(अ×क) × टी ]

व्ही० म्हणजे सुरुवातीचा स्पीड, टी म्हणजे वेळ. स्पीड मीटर पर सेकंदमध्येच घ्या, किमी प्रतितासमध्ये ठेवलात तर क चा आकडा भलताच येतो. आणि कॅल्क्युलेटर रेडियनमध्ये आहे का ते बघा, भाचीचा डिग्रीमध्ये होता आणि त्या हिशोबाने आमची गाडी तासापेक्षा जास्त वेळ घरंगळत होती. अर्धी संध्याकाळ समीकरण तपासण्यात गेली, समीकरण बरोबरच होतं.

१२ जानेवारी, रविवार

ऑनलाइन ओबीडी अ‍ॅडॅप्टर (गाडीच्या कॉम्प्युटरमधले आकडे वाचणारं यंत्र) मागवला, ईएलएम ३२७ वाला, ६०० रुपये. स्टिअरिंगखालच्या पोर्टला लावायचा, ब्लूटूथने फोनला जोडायचा, अ‍ॅप सीएसव्ही फाइल (आकड्यांचा साधा तक्ता) देतं. सेकंदाला चारेक रीडिंग मिळतात.

पहिला धक्का, हा स्पीड पूर्णांकातच देतो. ५८, ५८, ५८, ५८, ५७. दशांश नाहीच. घरी येऊन भाचीने जे कोणीही करेल तेच केलं, लागोपाठच्या दोन रीडिंगची वजाबाकी भागिले वेळ, की झालं डीव्ही/डीटी. ग्राफ बघितला तर कंगवा. एकतर शून्य, नाहीतर एकदम १.१ मी/से². कारण उघड आहे, पाव सेकंदात १ किमी उतरलं की भागाकार १.१ च येणार, आणि नाही उतरलं तर शून्य. खरं मंदन ०.२ ते ०.३ च्या घरात असणार, ते या कंगव्यात कुठेच दिसत नाही. मूव्हिंग अ‍ॅव्हरेज लावला, मग मोठा लावला, मग ग्राफ गुळगुळीत झाला पण विंडो बदलली की अ आणि क दोन्ही बदलायला लागले. म्हणजे उत्तर गाडीचं नाही, विंडोचं.

शेवटी ठरलं की डेटाला डिफरन्शिएट करायचंच नाही. उलटं जायचं. समीकरण आपण आधीच सोडवलंय, तो टॅनवाला कर्व्ह सरळ स्पीडच्या ग्राफवर बसवायचा आणि अ, क असे शोधायचे की कर्व्ह डेटाच्या जास्तीत जास्त जवळून जाईल. पूर्णांकामुळे येणारी अर्ध्या किमीची चूक कधी वर असते कधी खाली, शेकडो रीडिंगमध्ये ती मिटते. हे काम करणाऱ्याने बाकी काही वाचलं नाही तरी एवढं वाचावं.

दुसरं, कुठला स्पीड खरा? स्पीडोमीटर ६२ दाखवतो तेव्हा ओबीडी ६०, फोनचा जीपीएस ५८. स्पीडोमीटर मुद्दाम थोडा जास्तच दाखवतात, कमी दाखवायला नियमाने बंदी असते. जीपीएसचा स्पीड सॅटेलाइटच्या सिग्नलच्या डॉप्लरवरून (आपल्या हालचालीने सिग्नलची फ्रिक्वेन्सी बदलते त्यावरून) येतो, मोकळ्या आकाशाखाली तो चांगला असतो, फक्त सेकंदाला एकच रीडिंग आणि किंचित उशिरा. म्हणून एका स्थिर स्पीडला दोन्हीची तुलना केली आणि ओबीडीचे सगळे आकडे ०.९६७ ने गुणले. न गुणता कर्व्ह बसवला तर अ तितक्याच टक्क्यांनी जास्त येतो आणि क कमी येतो, म्हणजे चूक दोन्हीकडे विरुद्ध दिशेने जाते आणि कर्व्ह मात्र झकास बसलेला दिसतो. वाईट प्रकार आहे हा.

आजच्या रनपैकी अर्ध्या फुकट, कारण मेंढरं. थंडीत धनगरांचे कळप इकडे असतातच, रस्ता ओलांडायला त्यांना हवा तेवढा वेळ लागतो आणि आपण थांबायचं.

१४ जानेवारी, मंगळवार

संक्रांतीची सुट्टी, बहिणीकडे तिळगूळ खाऊन लॅपटॉप उघडला. पायथनमधलं सायपाय या लायब्ररीचं कर्व्ह फिट (डेटावर कर्व्ह बसवणारं फंक्शन) वापरलं. रन केलं आणि वॉर्निंगचा पाऊस, अ आला ऋण, क आला काहीतरी दोन हजार.

कारण सापडायला दुपार गेली. सुरुवातीचा अंदाज दिला नाही तर ते सगळ्या पॅरामीटरना १ धरून चालू होतं. आमच्या समीकरणात अ = १, क = १ म्हणजे अशी गाडी जी दीड सेकंदात जागेवर उभी. त्यापुढे टॅन ऋण होतो, मग अनंताला जातो, मग पुन्हा वरून खाली येतो, आणि बिचारा प्रोग्राम त्या डोंगरदऱ्यांमध्ये सर्वात कमी चूक शोधत बसतो. अंदाज ०.१ आणि ०.०००५ दिला, क्षणात बसलं.

आणखी दोन बदल केले. व्ही० पहिल्या रीडिंगवरून न घेता तोही तिसरा पॅरामीटर म्हणून शोधायला लावला, कारण पहिलं रीडिंग स्वतःच अर्धा किमी इकडेतिकडे असू शकतं आणि त्याच्यावर अख्खा कर्व्ह टांगायचा काही अर्थ नाही. आणि न्यूट्रल केल्यानंतरचे पहिले दोनेक सेकंद कापले, तेव्हा हात गिअरवर असतो, क्लच अर्धा असतो.

भाचीने हौसेने ऑयलरची पद्धत आणि आरके-फोर (समीकरण छोट्या स्टेपमध्ये आकड्यांनी सोडवायच्या दोन पद्धती, दुसरी जास्त अचूक) दोन्ही लिहून बघितल्या. ०.१ सेकंदाच्या स्टेपला दोघींमध्ये डोळ्याला दिसेल असा फरक नाही, गाडीचं मंदन इतकं हळू बदलतं की साधा ऑयलर पुरतो. एकच गंमत, तिच्या कोडमधली गाडी थांबल्यावर मागे जायला लागली आणि मागे मागे जोरात जात राहिली. अ हा स्थिरांक आहे, त्याला काय माहीत गाडी थांबली. व्ही शून्याखाली गेला की लूप तोडायचा, एवढी एक ओळ टाकली.

१९ जानेवारी, रविवार

आज दोन्ही दिशांनी रन घेतल्या. आधी का नाही घेतल्या माहीत नाही, एका दिशेने जाऊन परत येताना आपण नुसते गप्पा मारत येत होतो. पूर्वेकडे जाताना ६० ते २० ला ४५ सेकंद. पश्चिमेकडे ६५, कधी ६६.

डोळ्याला रस्ता पूर्ण सपाट. वॉचमन काका, जे आता आमच्या ओळखीचे झालेत आणि आम्ही कुठल्यातरी कंपनीकडून आलोय असं समजतात, ते म्हणाले अहो पावसाळ्यात सगळं पाणी तिकडे जातं की, पश्चिमेला. गटाराकडे बघितलं, खरंच तिकडेच उतार.

चढाला अ आला ०.१९७, उतरतीला ०.१२१, क दोन्हीकडे साधारण तोच, ०.०००४ च्या आतबाहेर. दोन अ मधल्या फरकाच्या निम्मे ०.०३८, हे गुरुत्वाकर्षणाचं योगदान. ९.८१ ने भागलं की ०.४ टक्के उतार, १ किमीला ४ मीटर. एवढासा उतार आणि वेळेत २० सेकंदांचा फरक. टायरचं घर्षणच मुळात इतकं कमी असतं की २ टक्के उतार असता तर गाडी चांगल्या टायरांवर खालच्या दिशेला थांबलीच नसती, २० च्या खाली उतरायच्या आत एका स्पीडला स्थिरावून नुसती चालत राहिली असती.

आता सरासरी. भाचीने ४५ आणि ६५.६ ची सरासरी ५५.३ काढली आणि त्यावरून अ काढायला बसली. तसं चालत नाही. उताराचा परिणाम मंदनात जोडला किंवा वजा होतो, वेळेत नाही. त्यामुळे सरासरी मंदनाची घ्यायची, किंवा वेळच हवी असेल तर हार्मोनिक मीन, २ भागिले (१/४५ + १/६५.६), ५३.४ सेकंद. दोन सेकंदांचा फरक किरकोळ वाटतो, पण पुढे आम्ही ज्या गोष्टी मोजणार होतो त्यांचा परिणाम तेवढ्याच सेकंदांचा आहे.

सरासरी अ = ०.१५९.

२२ जानेवारी, बुधवार

गाडी वजनकाट्यावर नेली, आम्ही दोघं आत बसूनच. ९९० किलो, काटा १० किलोच्या टप्प्याने दाखवतो. पावती १०० रुपये. चाकं फिरतात त्यांची ऊर्जा वेगळी, त्यासाठी ३ टक्के वाढवतात, म्हणजे १०२० धरा. लक्षात घ्या, अ आणि क काढायला वजन लागतच नाही, ते फक्त न्यूटनमध्ये जायला लागतं.

०.१५९ × १०२० = १६२ न्यूटन. याला गाडीच्या वजनाने, म्हणजे ९९० × ९.८१ ने भागलं की रोलिंग रेझिस्टन्सचा (टायर फिरताना होणाऱ्या विरोधाचा) गुणांक ०.०१६७. डांबरी रस्त्यावर कारच्या टायरला ०.०१ ते ०.०१५ सांगतात. आमचा रस्ता खडबडीत आहे, टायर जुने आहेत, तरी जास्तच वाटतो.

हवेचा आकडा तपासला. पुस्तकात हवेची घनता १.२२५ असते, ती समुद्रसपाटीची आणि १५ अंशांची. पुणे साडेपाचशे मीटरवर, सकाळी १७ अंश, आमच्यासाठी १.१४ धरली. क = ०.०००३९६ वरून ड्रॅग कोएफिशंट (गाडीचा आकार हवेला किती अडतो तो आकडा) गुणिले समोरचं क्षेत्रफळ ०.७१ येतं. क्षेत्रफळासाठी गल्लीच्या टोकाला उभं राहून, फुल झूम करून गाडीचा समोरून फोटो काढला (जवळून काढला तर बॉनेट मोठं दिसतं), ग्राफ पेपरवर प्रिंट करून चौकोन मोजले, नंबर प्लेटची लांबी मोजपट्टी म्हणून वापरली. २.१ चौ. मी. म्हणजे कोएफिशंट ०.३४. उंच हॅचबॅकला अगदी पटणारा आकडा.

हवा पटते, टायर पटत नाही. भाची म्हणते कर्व्ह फिट चुकतंय. मी म्हणतो चुकलं असतं तर दोन्ही चुकलं असतं.

२५ जानेवारी, शनिवार

टायरमधली हवा तपासली, ३३ पीएसआय आहे, बरोबर. काल संध्याकाळी ऑफिसवरून आल्यावर सहज चारही चाकांच्या रिमजवळ हात नेऊन बघितला. पुढचं डावं चाक बाकीच्यांपेक्षा चांगलंच गरम. जॅकवर उचललं, हाताने फिरवलं, अर्ध्या फेरीत थांबतं. उजवं सोडलं की दोनेक फेऱ्या मारून थांबतं.

नेहमीच्या गॅरेजवाल्याकडे नेली. कॅलिपरच्या (ब्रेक पॅड डिस्कवर दाबणारा भाग) स्लाइडिंग पिना कोरड्या पडलेल्या, एक तर जवळपास जाम, त्यामुळे ब्रेक सोडल्यावरही पॅड डिस्कला घासत राहतो. डाव्या बाजूचा आतला पॅड बाहेरच्यापेक्षा बराच झिजलेला. पिना साफ करून ग्रीस, नवे रबर बूट, दोन्ही बाजूंना, ८५० रुपये. पॅड अजून चालतील म्हणाला.

इथे समीकरणाची मर्यादा सांगायलाच हवी. घासणारा ब्रेक आणि कमी हवेचा टायर, दोन्ही अ मध्येच जातात, दोन्ही स्पीडवर फारसे अवलंबून नाहीत. समीकरण एवढंच म्हणतं की अ मध्ये काहीतरी जास्त आहे. काय आहे ते शोधायला जॅकच लागतो. तरी नुसतं चालवताना मला काही जाणवलं नव्हतं, गाडी एका बाजूला ओढत नव्हती, वासही नव्हता.

२ फेब्रुवारी, रविवार

पहिली रन घेतली आणि निराशा, अ फारसा कमी नाही झाला. मग जसजशा रन होत गेल्या तसतसा खाली येत गेला. टायर गार होते. रबर गरम झालं की रोलिंग रेझिस्टन्स कमी होतो आणि त्याला वीस-पंचवीस मिनिटं चालवावं लागतं. आधीच्या रविवारी आम्ही घरून लांबून येत होतो म्हणून टायर तापलेले असायचे, या वेळी आदल्या रात्री जवळच मुक्काम होता. आता नियम केला, मोजायच्या आधी अर्धा तास हायवेवर चक्कर.

गरम टायरांवर: चढाला ५५ सेकंद, उतरतीला ९०. अ चढाला ०.१५२, उतरतीला ०.०७६, सरासरी ०.११४. क तोच, ०.०००३९६. उतार पुन्हा ०.४ टक्केच निघाला, त्याला ब्रेकशी देणंघेणं नाही, त्यामुळे हा एक चांगला चेक मिळाला.

गुणांक ०.०१२ आला. म्हणजे ४६ न्यूटन तो ब्रेक खात होता. ६० ला गाडी ढकलायला आता २२८ न्यूटन लागतात, साधारण ३.८ किलोवॅट, आधी ४.६ लागत होते. आणि याच समीकरणात १०० किमीचा स्पीड टाकला तर ११.९ किलोवॅट. ६० ला हवेचा आणि टायरचा वाटा जवळपास निम्मा निम्मा आहे, १०० ला जवळपास तीन चतुर्थांश हवा. (१०० ला आम्ही गेलो नाही, एमआयडीसीत कोण जाणार, हा आकडा समीकरण पुढे ताणून काढलाय.)

उतरतीची रन आता साडेनऊशे मीटर जाते, वेग घ्यायला शे-सव्वाशे, म्हणजे रस्ता जेमतेम पुरतो. ज्यांच्याकडे यापेक्षा छोटा रस्ता आहे त्यांनी ५० पासून करावं, पण मग हवेचा वाटा कमी होतो आणि क डळमळतो.

नऊनंतर वारा सुटला म्हणून थांबवलं. समोरून ३ मी/से वारा असेल तर दोन दिशांच्या सरासरीत त्याचा मोठा भाग कटतो, पण सगळा नाही, क × ९ एवढा अ मध्ये चिकटून राहतो, साधारण ३ टक्के. बाजूने आला तर मग हिशोबच नको. पहाटे साडेसहा ते आठ हीच वेळ.

घरी येताना विषय निघाला की काही लोक घाटात पेट्रोल वाचवायला न्यूट्रल करतात. इंजेक्शनच्या गाडीत गिअरमध्ये ठेवून पाय काढला की इंजेक्टर बंद होतात, इंजिनला चाकंच फिरवतात. न्यूट्रलमध्ये आयडलिंगला पेट्रोल जळतंच, वर इंजिन ब्रेकिंग गेलं. आम्ही सपाटीवर जे करतोय ते घाटात करू नका.

४ फेब्रुवारी, मंगळवार

भाचीच्या सरांनी सुचवलं की मधला टर्मही टाका, ब × व्ही. टाकला. चढाच्या एका रनमध्ये ब ऋण आला आणि क वाढला, दुसऱ्या रनमध्ये ब धन आणि क जवळपास शून्य, म्हणजे हवाच नाही. कर्व्ह दोन्ही वेळा सुंदर बसतो. ६० ते २० एवढ्याच पट्ट्यात व्ही आणि व्ही² चे परिणाम एकमेकांची जागा घेऊ शकतात, आमच्या डेटात ते वेगळे करायची ताकद नाही. १२० पासून मोजता आलं असतं तर गोष्ट वेगळी. ब काढून टाकला. सरांना तसं लिहून द्यायचं ठरलं, रन-टू-रन आकडे टेबलमध्ये टाकून.

९ फेब्रुवारी, रविवार

मॉडेल खरंच हवा आणि टायर वेगळे करतं का, हे बघायचं होतं. म्हणून आज एकदा फक्त हवा बिघडवली, एकदा फक्त टायर.

आधी शेजाऱ्यांकडून आणलेला छतावरचा कॅरिअर बसवला, रिकामाच. चढाला ५३, उतरतीला ८६ सेकंद. मग कॅरिअर काढला आणि चारही टायर २५ वर आणले. चढाला ५२, उतरतीला ८२. टायरांवर मुद्दाम पुन्हा चक्कर मारली तापवायला, नाहीतर गार टायरचा परिणाम त्यात मिसळला असता. २५ वर फार जोरात आणि लांब चालवू नका, रन झाल्या की लगेच पंपावर.

एकूण वेळ बघितली तर दोन्ही प्रकारांत गाडी लवकर मंदावली, एवढंच कळतं. उतरतीची रन दोन तुकड्यांत तोडली तेव्हा मजा दिसली. ६० ते ४० यायला दोन्ही वेळा ३४ सेकंद, नेहमीच्या ३७ च्या जागी. पण ४० ते २० मध्ये कॅरिअरला ५२ आणि कमी हवेला ४८, नेहमीचे ५४. म्हणजे स्पीड कमी झाल्यावर कॅरिअरचा त्रास जवळपास संपतो, टायरचा मात्र तसाच चालू राहतो.

कर्व्ह फिटला हे कोणी सांगितलेलं नाही, त्याला फक्त वेळ आणि स्पीड दिलेत. त्याचे आकडे: कॅरिअर लावून अ = ०.११५, क = ०.०००४५५. हवा कमी करून अ = ०.१२६, क = ०.०००३९३. पहिल्यात क १५ टक्के वाढला, अ जागेवर. दुसऱ्यात अ १० टक्के वाढला, क जागेवर. भाची गाडीतच ओरडली, वॉचमन काका बघायला आले काय झालं म्हणून.

खर्चाचा हिशोब, पेट्रोल सोडून: अ‍ॅडॅप्टर ६००, वजनकाटा १००, टायरप्रेशर गेज ४५०, कॅलिपर ८५०. गेज घ्याच, पंपावरचे मीटर दोन ठिकाणी दोन आकडे दाखवतात आणि आमचा अख्खा टायरचा प्रयोग ८ पीएसआयच्या फरकावर उभा होता.

सबमिशन पुढच्या आठवड्यात आहे. तिला आता ब्रेक मारून थांबण्याची रनपण हवीये, त्याला ओबीडीची सेकंदाला चार रीडिंग पुरणार नाहीत, ५० वरून जोरात ब्रेक मारला तर गाडी दोनेक सेकंदांत थांबते. फोनचा अ‍ॅक्सेलरोमीटर डॅशबोर्डला डबल टेपने चिकटवून बघू म्हणते. मागच्या सीटवरचं सामान आधी काढायला लावलंय.